शिट्टीनंतरचं जेवण

“आता शिट्टी न्हाई वाजायची बघ,” चहाच्या गाड्याला टेकून उभा असलेला एक जण दुसऱ्याला म्हणाला. “फाटकच न्हाई, तर वाजवायची कुणासाठी?”

“बरंच झालं की. म्हातारं दुपारचं दचकून उठायचं आमचं,” दुसरा म्हणाला. दोघं हसले आणि बशीत चहा ओतायला लागले.

मी त्यांच्या मागे, सिमेंटच्या नव्या कठड्यापाशी उभी होते. त्या दिवशी सकाळीच रुळांखालचा रस्ता सुरू झाला होता. पाटीवर त्याचं नाव भुयारी मार्ग, पण पहिल्या दिवसापासून सगळे त्याला बोगदा म्हणतात. तोंडाशी झेंडूची माळ लोंबत होती, फोडलेल्या नारळाच्या करवंट्या पडल्या होत्या आणि दुधाच्या किटल्या अडकवलेल्या मोटारसायकली हौसेनं, काही काम नसताना, आत जाऊन बाहेर येत होत्या. वर, जिथे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं फाटक होतं, तिथे दोन्ही बाजूंना रुळांचेच तुकडे उभे पुरून वाट बंद केली होती. लोक खूश होते आणि त्यात चूक काहीच नव्हती. त्या फाटकाशी थांबण्यात आमच्या भागाचं अर्धं आयुष्य गेलं होतं. मी मात्र त्या दोघांचं बोलणं ऐकून तशीच घराकडे वळले. संध्याकाळची पॅसेंजर आज शिट्टी न वाजवता जाईल, हे आईला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ते फक्त मला ठाऊक होतं.

आमचं घर कोल्हापूरच्या पूर्वेला, शहर संपून ऊस सुरू होतो तिथे, रुळांपासून एक शेत सोडून. कोल्हापूर म्हणजे रुळांचं शेवटचं गाव. स्टेशनात एका भिंतीपाशी रूळ संपतात. पुढे जायला वाटच नाही. म्हणून आमच्या दारावरून शहराकडे गेलेली प्रत्येक गाडी परत यायचीच. लहानपणी मला याचा फार आधार वाटे. नंतर वाटेनासा झाला. घराच्या भिंतींना त्या गाड्यांची सवय होती. गाडी जाताना फडताळातली ताटं एकमेकांना लागून बारीक किणकिणायची, आणि पाहुणा असला तर तोच तेवढा दचकून वर बघायचा. नळाला बांधलेलं पाणी गाळायचं फडकं, अंगणात वाळणाऱ्या शेंगा, गोठ्यातल्या दोन म्हशी, आणि चुलीवरच्या भाकरीचा वास. कोल्हापुरात राहून कांदा-लसूण न खाणाऱ्या घरात मी वाढले, असं सांगितलं की शहरातल्या मैत्रिणी आधी हसायच्या आणि मग कीव करायच्या. त्यांना आईच्या हातची पावट्याची आमटी माहीत नव्हती. हिंग, खोबरं आणि भाजलेले तीळ. दुसरं काही नाही. त्या आमटीवर फोडणी ओतताना होणारा चर्र आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो.

आमच्या जैन घरातला सगळ्यात मोठा नियम एकच, दिवस बुडायच्या आत जेवण. सूर्य गेला की ताट नाही, आईच्या आणि आण्णांच्या बाबतीत पाण्याचा घोटही नाही. आण्णा म्हणजे माझे वडील. शेती करायचे, रोज बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, जायचे आणि घरात मोजकं बोलायचे. बोलणं कमी हा गुण मी त्यांच्याकडून उचलला असावा. मी शहरातल्या इंग्रजी शाळेत शिकले. शाळेत इंग्रजी, मैत्रिणींशी पुस्तकातलं मराठी आणि घरात आमची बोली, जिच्यात बायकाही ‘मी जातो, मी करतो’ असंच म्हणतात. या तिन्ही ठिकाणी मी गप्पच असायची. आण्णांची थोरली बहीण, आमची आत्ती, मला इंग्लिश बाई म्हणायची. “इंग्लिश बाई, तोंडात गूळ धरलायंस का? बोल की गं जरा,” असं ती भर पंगतीत ओरडायची, आणि मी आणखी खाली बघायची. माझ्या वाटणीचं सगळं बोलणं अक्का बोलायची.

अक्का माझी मोठी बहीण. ती जयसिंगपूरला कॉलेजात होती आणि संध्याकाळी एसटीनं परत यायची. एसटीचा थांबा रुळांच्या पलीकडे, घर अलीकडे. तिला अंगणात ऊन असतानाच यावं लागे, कारण मग जेवायचं असे. फाटक पडलेलं असलं तरी वाकून दांडीखालून जायची सगळ्यांचीच रीत होती. बायका डोक्यावरचा भारा सावरत वाकायच्या, पोरं स्कूटर आडवी करून न्यायची, आणि फाटकवाला शिव्या द्यायचा, पण त्या शिव्यांनासुद्धा रोजच्याच असल्यामुळे धार राहिली नव्हती. त्या दिवशी अक्काच्या पुढे दोघं वाकून गेले. त्यांच्यामागून ती गेली. ती अलीकडे आली नाही. गाडीनं शिट्टी वाजवली होती, चांगली लांबून वाजवली होती, असं फाटकवाल्यानं सगळ्यांना सांगितलं. तो रडत होता. त्याच्यावर कुणाचाच राग नव्हता. कुणावर राग धरावा असा माणूसच त्या प्रसंगात नव्हता, आणि पुढचं सगळं बहुतेक यातूनच झालं.

मेलेल्या माणसाची वाट बघायची आमच्यात पद्धत नाही. श्राद्ध नाही, पान वाढणं नाही. जीव एक कुडी सोडतो आणि दुसऱ्या जन्माला लागतो. मागे रेंगाळत नाही. आण्णांनी हे घरात एकदा सांगितलं आणि मग तो विषय बंद केला. “ती कुठं तरी जन्माला आली असंल. इथं कोन बसलंय तुझं रडं ऐकायला?” असं ते आईला म्हणाले. निर्दयपणे नव्हे, त्यांना स्वतःला त्याच वाक्याचा टेकू हवा होता. त्यामुळे आमच्या घरात जे काही राहिलं, त्याला नाव नव्हतं. अक्काची चप्पल दाराशी नव्हती, तिचा फोटो भिंतीवर नव्हता. तरीही संध्याकाळी अंगणातलं ऊन कमी व्हायला लागलं की घरातले आम्ही तिघंही काम टाकून बाहेर यायचो. कुणी कुणाला कारण विचारायचं नाही. आण्णा उगाच म्हशीचं दावं तपासायचे. मी वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालायची.

त्याच वर्षी पर्युषण संपल्यावर क्षमावणीचा दिवस आला. त्या दिवशी आमचे लोक घरोघर जातात, हात जोडतात, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची माफी मागतात. समोरचाही हात जोडतो आणि “उत्तम क्षमा” म्हणतो. आमच्याकडे त्या वर्षी फार लोक आले. अक्काच्या पुढे वाकून गेलेले ते दोघंही आले आणि नुसते हात जोडून गेले. संध्याकाळ झाली. आई उंबऱ्याशी बसली होती, आत्ती तिच्याशेजारी. तेवढ्यात पॅसेंजरनं, अक्का जिच्याखाली गेली त्याच गाडीनं, लांबून शिट्टी दिली. ती आधीही रोज व्हायची, पण भरल्या घरात ती कुणाला ऐकू येत नव्हती. त्या दिवशी ऐकू आली. आत्तीच्या मनात काय आलं कोण जाणे. ती आईच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “ऐक. त्यो डायवर बी माफी मागाय लागलाय.”

आईनं रुळांकडे बघून हात जोडले. “उत्तम क्षमा,” ती म्हणाली. मग उठली, आत गेली आणि तिनं आम्हाला वाढलं. कित्येक दिवसांनी ती स्वतःही पोटभर जेवली.

आत्ती ते दुसऱ्या दिवशी विसरून गेली. आई विसरली नाही. त्यानंतर रोज संध्याकाळी ती ताटं मांडून ठेवायची आणि शिट्टीची वाट बघायची. शिट्टी झाली की ओठातल्या ओठात दोन शब्द म्हणायची आणि मग पहिला घास घ्यायची. आण्णांना तिचा तो आवाज पोचत नसे. मी तिच्याजवळ बसायची, मला पोचायचा. तिच्या मनात एक ड्रायव्हर होता. वयानं मोठा, पोरीबाळींचा बाप, जो या जागी आला की चुकत नाही. एकदा पावसाळ्यात गाडीला उशीर झाला, ढगांत ऊन दिसेना, तेव्हा ती मला हळूच म्हणाली, “त्येला बी बरं नसंल आज.” ती कोणाबद्दल बोलतेय हे मी विचारलं नाही. आम्हा दोघींमधलं त्या विषयावरचं तोवरचं ते एकमेव बोलणं.

पुढे मी शहरात कॉलेजला जायला लागले, तेव्हा आण्णा मला आमच्याच बाजूनं जवळच्या लहान स्टेशनवर सोडायचे आणि मी सकाळच्या पॅसेंजरनं जायची, दुपारी परत यायची. बायकांच्या डब्यात भाजीच्या पाट्या, जेवणाचे डबे, नर्सिंगच्या मुली. खिडकीतून मी रोज आमचं घर लांबून बघायची. ते लहान आणि परक्याचं दिसे. फाटकाच्या अलीकडे रुळांलगत एक पिवळी पाटी होती, तिच्यावर काळी अक्षरं. गाडी तिच्यापाशी आली की शिट्टी वाजायची. समोर बसणाऱ्या एका बाईंचे यजमान रेल्वेत होते. त्यांनी मटार सोलता सोलता सांगितलं, “फाटक आहे ना पुढे, म्हणून. ही पाटी दिसली की वाजवावीच लागते. कुणी का चालवत असेना.” मी मान डोलावली. त्या दिवशीही आई शिट्टीनंतर जेवली आणि मी तिच्याशेजारी बसून जेवले. मला सांगावंसं वाटलं नाही. तिच्याकडे माफ करायला एक माणूस होता आणि त्या माणसाचा कुणाला उपद्रव नव्हता.

फाटक बंद झालं ते थंडीचे दिवस होते. दिवस लहान, ऊन पटकन आवरतं घेणारं. विजेच्या तारा आधीच आल्या होत्या, नवं इंजिन जुन्यासारखं धडधडत येत नसे. त्या पहिल्या संध्याकाळी ताटं मांडली होती. फडताळातली भांडी किणकिणली आणि गाडी गेली. आईनं मान वर केली. आण्णा जेवले, मी जेवले. अंगणातलं ऊन भिंतीवरून कौलांवर गेलं, कौलांवरून गेलं, आणि आईनं आपलं ताट उचलून आत नेलं. सकाळी ती भाकरी म्हशीला गेली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, “आई, जेव की.” तर ती म्हणाली, “येऊ दे जरा.” गाडी येऊन गेली होती.

ही गोष्ट आवळत कशी गेली ते परक्या माणसाला समजावणं मला अजून जड जातं. आमच्यात दिवसातून एकदाच जेवण्याचं व्रत असतं, एकासन. बायका ते घेतात, बऱ्याचदा गाजावाजा न करता. आई संध्याकाळी जेवत नाही हे आत्तीच्या लक्षात आलं, आत्तीकडून बस्तीत गेलं, आणि आठवड्याभरात बायका आईला वाकून नमस्कार करायला लागल्या. “काकू, धन्य हाय तुमची. एवढ्या थंडीत, राबून वर एकासन!” आई नुसती बघायची. तिनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. आणि व्रतातल्या माणसाला जेव म्हणणं हे आमच्याकडे पाप. मी आण्णांना गोठ्यात गाठून म्हटलं, “आण्णा, आई वाळाय लागलीया.” ते दूध काढत होते. धार न थांबवता म्हणाले, “व्रत घेतलंय तिनं. पुरं करू दे. मधी बोलू नगंस.” त्यांच्या आवाजात अभिमान होता. अक्का गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना घरात काही नीट चाललंय असं वाटत होतं. आईच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. एका सकाळी पाण्याची घागर घेऊन येताना तिला भोवळ आली आणि ती घागरीसकट पायरीवर बसली. त्यावरही आत्ती म्हणाली, “तपाचं तेज असतंय त्ये.”

मी एक वेडेपणा करून पाहिला. एके दिवशी मुद्दाम मागे थांबले आणि संध्याकाळी कोल्हापूरच्या स्टेशनात आमची पॅसेंजर उभी असताना बायकांच्या डब्याऐवजी मी फलाटाच्या टोकापर्यंत, इंजिनापाशी गेले. मागे ती भिंत, जिथे रूळ संपतात. इंजिनाच्या खिडकीत एक मुलगा बसला होता. मुलगाच, माझ्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठा. अक्का गेली तेव्हा तो शाळेत असणार. तो मोबाइलवर कुणाशी तरी हिंदीत हसत बोलत होता. मला बघून त्यानं फोन खाली घेतला. “क्या हुआ, मॅडम?”

मी म्हणाले, “वो पुराना फाटक है ना...”

“वहाँ गाडी नहीं रुकती,” तो चांगुलपणानं म्हणाला. “आगे स्टेशन पे उतर जाना. लेडीज डिब्बा पीछे है.”

मी मान हलवून मागे फिरले. डब्यात खिडकीशी जाऊन बसले. फाटकाच्या जागेवरून गाडी गेली तेव्हा पाहिलं, पिवळी पाटी काढून रुळांशेजारच्या गवतात पालथी टाकलेली होती. पलीकडे आमचं घर. अंगणात आई उभी होती, गाडीकडे तोंड करून, हात जोडायच्या बेतात छातीशी आणलेले. ती मला बघू शकत नव्हती. गाडीतून तिला बघणं भयंकर होतं. गाडीतल्या कुणालाही ती दिसत नव्हती, इतक्या वर्षांत कधीच दिसली नव्हती. आजही प्रवासात रुळांकाठच्या घरांत कुणी अंगणात उभं दिसलं की मी खिडकीतून मान फिरवते.

त्यानंतरच्या संध्याकाळी आण्णा लवकर जेवून बस्तीत गेले होते. घरात आई आणि मी. तिनं मला वाढलं, स्वतःचं ताट वाढलं. भाकरी, आमटी, शेंगदाण्याची चटणी. भांडी किणकिणली. गाडी गेली. ऊन अजून अंगणभर होतं, पण ते कसं झपाट्यानं जातं ते आता मला पाठ झालं होतं.

“आजबी न्हाई,” आई म्हणाली. माझ्याशी नव्हे, ताटाशी. मग पहिल्यांदाच तिनं माझ्याकडे बघितलं. “त्यानं मागायचं सोडलं, का माझी क्षमा त्याला पोचंना?”

मी तिचं ताट तिच्याकडे सरकवलं.

“त्यो मागत हुता तंवर बरं हुतं,” ती म्हणाली. “वाटायचं, चुकी त्याची हाय आनि मी सोडून दिली. आता रोज ताटावर बसलं की तिचं त्वांड दिसतंय. मीच म्हणालतो न्हवं तिला, सकाळी, दारातनं? दिवस बुडायच्या आत ये, न्हाईतर उपाशी झोपशील. मीच म्हणालतो. म्हनून ती वाकली.”

एवढी वर्षं ती हे गिळून होती. ड्रायव्हरची माफी हा तिच्या आणि या वाक्याच्या मधला एकमेव आडोसा होता, आणि तो आता नव्हता. मला कळलं की ती व्रत करत नव्हती, वाटही बघत नव्हती. अक्काला तिनं दिलेली ती धमकी ती रोज स्वतःवर लागू करत होती. ऊन उंबऱ्यावरून मागे सरकायला लागलं. मी नेहमीसारखी मान खाली घालणार होते. मी मान खाली घातली नाही. तिच्या ताटातली भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि तो घास तिच्या तोंडापाशी धरून म्हणाले, “आई, ती शिट्टी फाटकासाठी असायची. ड्रायव्हर रोज येगळा, आनि त्याला आपलं घर ठावं बी न्हाई. अक्काला शिट्टी ऐकू आलती, तरी ती वाकली, कारण आपन समदीच वाकत हुतो. मी बी वाकतो, तू बी वाकलीयास, डोक्यावर भारा घिऊन. तू बोलावलंस म्हनून न्हाई मेली ती. खा आता. ऊन हाय अजून.”